रब्बी याकोव्ह साफीर यांचा पूर्वेचा प्रवास

याकोव्ह हालेव्ही साफीर हे एकोणिसाव्या शतकातील ज्यू धर्मपंडित, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार आणि हिब्रू भाषेतील एक श्रेष्ठ प्रवासवर्णनकार होते. जेरुसलेममध्ये बांधल्या जात असलेल्या एका सिनेगॉगसाठी निधी जमवायला 1858 मध्ये ते घराबाहेर पडले. इजिप्त, येमेन, एडन, मुंबई, कोची, जावा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एवढा मुलूख पाहून ते 1863 मध्ये परतले. या प्रवासावर त्यांनी लिहिलेला ‘एव्हेन सापीर’ हा दोन भागांचा ग्रंथ येमेन आणि भारत येथील ज्यू समाजांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो. मुंबई आणि कोकणातील मराठी बोलणारा बेने इस्रायल समाजही या ग्रंथात आला आहे.

अश्म्यानी ते जेरुसलेम

साफीर यांचा जन्म 1822 मध्ये अश्म्यानी या गावी झाला. हे गाव व्हिल्ना, म्हणजे आजच्या व्हिल्नियसपासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. त्या वेळी ते रशियन साम्राज्याच्या व्हिल्ना प्रांतात मोडत असे. आज ते बेलारूसमध्ये आहे. व्हिल्ना हे पूर्व युरोपातील ज्यू विद्येचे सर्वांत मोठे केंद्र होते. अठराव्या शतकात तेथे होऊन गेलेले महापंडित एलियाहू, म्हणजे ‘व्हिल्नाचे गाओन’, यांच्या शिष्यांनी पॅलेस्टाइनमध्ये जाऊन राहण्याची चळवळ सुरू केली होती. या शिष्यपरंपरेतील लोकांना पेरुशीम म्हणत. 1808 पासून त्यांचे जथे गॅलिली प्रांतातील साफेद गावात येऊ लागले.

साफीर यांचे आईवडीलही 1832 मध्ये मुलाला घेऊन साफेदला आले. वर्षभरातच दोघेही वारले आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा परक्या मुलखात पोरका झाला. पॅलेस्टाइनवर तेव्हा इजिप्तच्या मुहंमद अलीची सत्ता होती. सक्तीची लष्करभरती आणि कर यांमुळे चिडलेल्या शेतकऱ्यांनी 1834 मध्ये बंड केले. त्या धामधुमीत साफेदची ज्यू वस्ती महिनाभर लुटली गेली. ही लूट साफीर यांनी बाराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिली. 1836 मध्ये ते जेरुसलेमला गेले. पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 1837 रोजी, भूकंपाने साफेद उद्ध्वस्त झाले.

जेरुसलेममध्ये साफीर यांचे धर्मशिक्षण पूर्ण झाले आणि पेरुशीम समाजातील एक विद्वान म्हणून त्यांचे नाव झाले. हा समाज मुख्यतः अध्ययनात गढलेला होता आणि त्याचा निर्वाह परदेशातील ज्यूंनी पाठवलेल्या दानावर चाले. या दानाच्या वाटपाला हलुका म्हणत. दान आपोआप येत नसे. ते गोळा करण्यासाठी जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद आणि तिबेरिया या चार पवित्र नगरांतून दूत पाठवले जात. हे दूत विद्वान असत. गावोगाव प्रवचने देत, धार्मिक प्रश्नांचे निर्णय देत, जेरुसलेमची खबर सांगत आणि देणगी घेऊन पुढे जात. साफीर यांना हे काम प्रथम 1848 मध्ये मिळाले. गरिबांसाठी मदत गोळा करायला जेरुसलेमच्या समाजाने त्यांना दक्षिणेकडील देशांत पाठवले होते.

हुर्वा सिनेगॉग

1858 चा मोठा प्रवास हुर्वा सिनेगॉगसाठी होता. इ.स. 1700 मध्ये येहूदा हेहासिद या पोलिश धर्मगुरूंबरोबर काही शे ज्यू जेरुसलेमला आले. येहूदा लगेचच वारले आणि त्यांचे अनुयायी कर्जात बुडाले. 1721 मध्ये सावकारांनी त्यांचे सिनेगॉग जाळले. ती जागा पुढे शतकाहून अधिक काळ पडीक राहिली. हुर्वा म्हणजे पडकी वास्तू. हेच त्या जागेचे नाव झाले.

पेरुशीम समाजाने पुनर्बांधणीसाठी अनेक वर्षे खटपट केली आणि 1850 च्या दशकाच्या मध्यास ऑटोमन सरकारची परवानगी मिळून काम सुरू झाले. आराखडा सुलतानाचा वास्तुशिल्पी असद एफेंदी याने केला. सुमारे दहा लाख पियास्त्र खर्चाचा अंदाज होता. त्यांपैकी एक लाख बगदादचे व्यापारी येहेज्केल रूबेन यांनी दिले. बाकीची रक्कम जगभर विखुरलेल्या समाजांकडून थोडी थोडी करून उभी करायची होती. अरबी बोलणाऱ्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेव्हा मुंबईपासून चीनपर्यंत पसरलेल्या होत्या. त्यामुळे दूताने पूर्वेकडे जाणे स्वाभाविक होते.

येमेनच्या डोंगरांत

सुवेझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. साफीर निघाले तेव्हा भूमध्य समुद्रातून लाल समुद्रात थेट जहाजाने जाता येत नव्हते. इजिप्तमधून जमिनीवरून जाऊन लाल समुद्राच्या काठी दुसरे जहाज धरावे लागे. या मार्गाने 1859 मध्ये ते येमेनच्या होदैदा बंदरात उतरले आणि तेथून डोंगराळ प्रदेशात शिरून सना या शहरापर्यंत गेले. येमेनमध्ये त्यांचे कित्येक महिने गेले. ग्रंथाचा पहिला भाग बव्हंशी या मुक्कामाचा आहे आणि साफीर यांची कीर्ती मुख्यतः त्यावरच उभी आहे.

होदैदा ऑटोमनांच्या ताब्यात होते, पण डोंगराळ मुलखात त्यांची सत्ता नव्हती. सनाच्या इमामांची सत्ता खिळखिळी झाली होती आणि टोळ्यांच्या भांडणांत रस्ते धोक्याचे झाले होते. ज्यूंना तेथे संरक्षित पण दुय्यम प्रजेचा दर्जा होता. त्यांना शस्त्र बाळगता येत नसे आणि खोगीर घालून घोड्यावर बसता येत नसे. त्यांची घरेही मुसलमानांच्या घरांपेक्षा उंच असून चालत नसे. 1679 मध्ये इमामाने ज्यूंना मौझा या उष्ण, ओसाड भागात हद्दपार केले होते. तेथून परतल्यावर सनाच्या ज्यूंना तटाबाहेर नवी वस्ती करावी लागली. ही ‘काअ अल-यहूद’ नावाची वस्ती साफीर यांच्या काळीही तेथेच होती. चांदीचे बारीक नक्षीकाम, विणकाम, कुंभारकाम आणि चामड्याचे काम हे त्यांचे धंदे होते. येमेनमधील नाजूक चांदीकामाचा मोठा भाग ज्यू सोनारांच्या हातचा असे.

गरिबी असूनही या समाजात धर्मविद्या टिकलेली होती. येमेनमध्ये हिब्रू छापखाना नव्हता. ग्रंथ हाताने लिहिले जात आणि सनाच्या बेनाया घराण्यासारखी लेखनिकांची घराणी त्यासाठी प्रसिद्ध होती. पुस्तके कमी, शिकणारी मुले जास्त, अशी स्थिती असल्याने एका पोथीभोवती मुले सर्व बाजूंनी बसत आणि कुठल्याही बाजूने वाचायला शिकत. सिनेगॉगमध्ये तोरा वाचताना प्रत्येक हिब्रू वचनानंतर ऑंकेलोसचा अरामी अनुवाद म्हणण्याची प्राचीन रीत इतर बहुतेक समाजांत लोपली होती. येमेनमध्ये ती चालू होती. हिब्रूचे त्यांचे उच्चारही जुन्या वळणाचे होते.

साफीर यांना या सगळ्याचे मोल ताबडतोब कळले. निधीची याचना करताकरता त्यांनी पोथ्या पाहिल्या, पाठभेद टिपले, रूढी लिहून घेतल्या आणि काही हस्तलिखिते विकत घेतली. येमेनमध्ये दाविद बेन अमराम अदानी यांनी रचलेल्या ‘मिद्राश हागादोल’ या मोठ्या भाष्यसंग्रहाकडे विद्वानांचे लक्ष पहिल्यांदा त्यांनीच वेधले. बायबलचे वाचन, स्वरचिन्हे आणि आघात यांचे नियम सांगणारी एक येमेनी पोथीही त्यांनी आणली. फ्रेंच पंडित जोसेफ देरेनबुर्ग यांनी ती 1870 च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. हिब्रू व्याकरणाच्या इतिहासात या पोथीला मानाचे स्थान आहे.

एडनहून मुंबईला

येमेनमधून साफीर एडनला आले. एडन 1839 पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. एडन ते मुंबई हे सुमारे 3,000 किलोमीटरचे अंतर आगबोटींच्या नेहमीच्या रहदारीचे होते. साफीर याच मार्गाने मुंबईत आले.

मुंबईत तेव्हा दोन निराळे ज्यू समाज राहत होते. पहिला बगदादी व्यापाऱ्यांचा. त्यांचे प्रमुख डेव्हिड ससून बगदाद सोडून 1832 मध्ये मुंबईत स्थायिक झाले होते. कापूस, कापड आणि अफूच्या व्यापारात त्यांनी प्रचंड संपत्ती मिळवली आणि तिचा मोठा वाटा शाळा, इस्पितळे आणि सिनेगॉगांवर खर्च केला. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग 1860 च्या दशकाच्या आरंभी त्यांनीच बांधले. 1864 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले; त्यांची समाधी तेथील ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात आहे. जेरुसलेमच्या दूतासाठी मुंबईतील बगदादी समाज हा मोठा आधार होता.

दुसरा समाज बेने इस्रायलांचा. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावांत पसरले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहिमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली आणि मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. धर्मग्रंथ हरवले होते, तरी शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली होती.

अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईत येऊ लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत त्यांनी नाव काढले. सुतारकाम, गवंडीकाम आणि पुढे कारकुनीही केली. कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल एझेकिएल, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, यांनी 1796 मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. ‘शार हाराहामीम’ हे त्याचे नाव. बेने इस्रायल मात्र सिनेगॉगला मशीदच म्हणत. एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी त्यांना हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले. पेसाख सणाच्या वेळी वाचायची ‘हागादा’ मराठी अनुवादासह 1846 मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली. साफीर आले तेव्हा या समाजाच्या धर्मजीवनात नवे चैतन्य येत होते.

याच काळात एक ताणही वाढत होता. आरंभी बगदादी लोक बेने इस्रायलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करत. त्यांच्याच दफनभूमीत मृतांना पुरत. संख्या आणि संपत्ती वाढल्यावर त्यांनी वेगळी चूल मांडली आणि बेने इस्रायलांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेतल्या. या शंकांचे पडसाद शंभर वर्षांनंतर इस्रायलमध्येही उमटले. बेने इस्रायलांच्या मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये तेथील सरकारने त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता दिली. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेरुसलेमच्या एका रब्बीने मुंबईत येऊन हिब्रूत केलेली या समाजाची नोंद इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे.

कोची आणि पुढे

मुंबईहून साफीर मलबार किनाऱ्यावर कोचीला गेले. तेथील मट्टनचेरीचे परदेशी सिनेगॉग 1568 मधले आहे. चिनी निळ्या-पांढऱ्या फरश्यांची जमीन आणि शेजारचा घड्याळाचा मनोरा यांसाठी ते आजही प्रवाशांना ठाऊक आहे. सुमारे इ.स. 1000 मध्ये चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला दिलेले ताम्रपट या समाजाचा मोठा ठेवा होत. पालखी, छत्र आणि करमाफी यांसारखे मान त्यांत नोंदलेले आहेत.

कोचीतही समाज एकसंध नव्हता. युरोप आणि पश्चिम आशियातून आलेल्यांचे वंशज ‘परदेशी’ किंवा ‘गोरे’ ज्यू म्हणवत. त्यांच्याही आधीपासून मलबारात असलेल्यांना ‘काळे’ ज्यू म्हटले जाई. दास्यातून मुक्त झालेल्यांचा तिसरा गट होता. बेटीव्यवहार, सिनेगॉगमधील जागा आणि धार्मिक अधिकार यांवरून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले होते. साफीर यांनी या समाजाची रचना वर्णिली आणि शिलालेख उतरवून घेतले.

भारतानंतर त्यांचा मार्ग आग्नेय आशियाकडे वळला. 1861 मध्ये ते जावा बेटावरील बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोचले. बटाव्हिया, सेमारांग आणि सुराबाया या शहरांत हॉलंड व जर्मनीतून आलेली किमान वीस ज्यू कुटुंबे असल्याचे त्यांना अॅमस्टरडॅमच्या एका व्यापाऱ्याने सांगितले. तेथे सिनेगॉग नव्हते, दफनभूमी नव्हती, मुलांना शिकवणारे कोणी नव्हते. इंडोनेशियातील ज्यूंच्या इतिहासाचा आरंभ सांगताना अभ्यासक साफीर यांच्या या नोंदीचा आधार घेतात.

पुढे ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गेले. 1851 मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले आणि मेलबर्न झपाट्याने वाढले. 1861 मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो भागातही सोने सापडले. या गर्दीत युरोपातून आलेले ज्यूही होते. येथील समाज तरुण, मोकळा आणि कायद्याने बरोबरीचा होता. धर्माचे नियम पाळण्याची साधने मात्र तोकडी होती. ऋतूसुद्धा उलटे: वसंताचा म्हणून साजरा होणारा पेसाख दक्षिण गोलार्धात शरदात येतो. काही शतके जुन्या पोथ्या उराशी धरून राहिलेला सनाचा समाज आणि नुकताच वाढलेला मेलबर्नचा समाज, ही दोन टोके एकाच प्रवासात पाहिलेला दुसरा हिब्रू लेखक त्या काळी क्वचितच आढळेल.

कैरोची गेनिझा

1863 मध्ये साफीर जेरुसलेमला परतले. 1864 मध्ये हुर्वा सिनेगॉग पूर्ण झाले. त्याच वर्षी त्यांनी कैरोच्या जुन्या भागातील, म्हणजे फुस्तातमधील, बेन एझ्रा सिनेगॉगला भेट दिली. देवाचे नाव असलेला कागद फेकायचा नाही, या नियमामुळे ज्यू समाजात जीर्ण लिखाण एका बंद जागेत साठवतात. त्या जागेला गेनिझा म्हणतात. बेन एझ्राची गेनिझा सुमारे हजार वर्षांच्या कागदांनी भरलेली होती. विषारी साप तिचे रक्षण करतो, अशी स्थानिक समजूत होती. साफीर यांनी परवानगी मिळवून दोन दिवस त्या धुळीत शोध घेतला. महत्त्वाचे असे काही हाती लागले नाही, पण खालच्या थरांत मौल्यवान लेखन असू शकेल, असे त्यांनी लिहून ठेवले. गेनिझाचे महत्त्व ओळखणाऱ्या पहिल्या ज्यू अभ्यासकांत त्यांची गणना होते.

त्यांचा तर्क बरोबर ठरला. 1896-97 मध्ये अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी तेथून सुमारे 1,93,000 तुकडे केंब्रिज विद्यापीठात नेले. त्यांत बाराव्या शतकातील हिंदी महासागराच्या व्यापाराची पत्रेही निघाली. मंगळूरला अनेक वर्षे राहिलेला व्यापारी अब्राहाम बेन यिजू याच पत्रांतून जगाला कळला. इजिप्तहून एडनमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणारा जो मार्ग साफीर यांनी धरला होता, तोच या पत्रांतील व्यापाऱ्यांचाही मार्ग होता.

कैरोतच कराइट पंथाच्या सिनेगॉगमध्ये असलेल्या प्रेषितग्रंथांच्या प्राचीन पोथीची समाप्तिनोंद साफीर यांनी उतरवून प्रसिद्ध केली. या नोंदीत इ.स. 895 शी जुळणारे साल आहे. सीरियातील अलेप्पो पोथीबद्दलही त्यांना आस्था होती. दहाव्या शतकातील ही पोथी हिब्रू बायबलची सर्वांत प्रमाणभूत प्रत मानली जाते. ती बाहेर नेऊ देत नसत, म्हणून साफीर यांनी पाठभेदांविषयी पाचशेहून अधिक प्रश्नांची यादी तयार करून अलेप्पोच्या रब्बींकडे पाठवली आणि पोथी पाहून उत्तरे मागवली. 1947 च्या दंगलीनंतर या पोथीचा मोठा भाग नाहीसा झाला. हरवलेल्या पानांवर काय होते, हे ठरवायला आज ही प्रश्नावली उपयोगी पडते.

ग्रंथ आणि अखेरची वर्षे

‘एव्हेन सापीर’चा पहिला भाग 1866 मध्ये पूर्व प्रशियातील लिक, म्हणजे आजच्या पोलंडमधील एल्क, येथे प्रसिद्ध झाला. हिब्रू हस्तलिखिते छापण्यासाठी स्थापन झालेल्या ‘मेकित्से निर्दामीम’ या संस्थेने तो काढला. दुसरा भाग 1874 मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथे निघाला. साफीर यांचे जावई येहिएल ब्रिल हे ‘हालेवानोन’ या हिब्रू नियतकालिकाचे संपादक होते. हे नियतकालिक जेरुसलेममध्ये 1863 मध्ये सुरू झाले आणि पुढे पॅरिसहून व माइन्त्सहून निघत असे.

ग्रंथाची शैली रब्बींच्या विद्वत्तेची आहे. बायबल आणि तालमूद यांचे संदर्भ ओळीओळीत येतात. त्यांच्या शेजारीच वाटेतले हाल, भाड्याची जनावरे, खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची अडचण, लोकांचे पोशाख, धंदे, लग्नाच्या चाली, गाणी आणि शिलालेख यांच्या नोंदी येतात. विसाव्या शतकाच्या मध्यास अव्राहाम यारी यांनी येमेनचा भाग संपादित करून स्वतंत्र पुस्तकरूपाने काढला.

येमेनशी साफीर यांचा संबंध परतल्यावरही राहिला. 1861 मध्ये तेथे शुक्र कुहैल नावाच्या माणसाने आपण मसीहा असल्याचे जाहीर केले. 1865 मध्ये तो मारला गेला. 1868 मध्ये येहूदा बेन शालोम हा ‘तोच मी, पुन्हा उठलो आहे’ असे सांगत पुढे आला आणि गरीब ज्यूंकडून दशांश दान गोळा करू लागला. साफीर यांनी त्याच्याविरुद्ध लिहिलेले ‘इग्गेरेत तेमान’ व्हिल्नाला प्रसिद्ध झाले. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांनीही एका तोतया मसीहाबद्दल येमेनच्या ज्यूंना याच नावाचे पत्र लिहिले होते. साफीर यांच्या लेखनाचा परिणाम झाला आणि त्या माणसाचा प्रभाव ओसरला. 1880 च्या दशकाच्या मध्यास साफीर यांचे जेरुसलेममध्ये निधन झाले.

ज्या हुर्वा सिनेगॉगसाठी हा प्रवास झाला, ते मे 1948 मध्ये युद्धात सुरुंगाने उडवले गेले. त्याच आराखड्यावर पुन्हा बांधलेली वास्तू मार्च 2010 मध्ये खुली झाली. 1949-50 मध्ये येमेनमधील बहुतेक सर्व ज्यू इस्रायलला गेले. कोचीचा समाजही गेला, बेने इस्रायलांपैकीही बहुसंख्य गेले. साफीर यांनी पाहिलेली ही वस्ती आज तिच्या मूळ ठिकाणी जवळजवळ उरलेली नाही. तिच्या घरांची, पोथ्यांची आणि रीतिरिवाजांची प्रत्यक्ष पाहून लिहिलेली हकीकत देणारा ‘एव्हेन सापीर’ हा हिब्रू प्रवासवाङ्मयातील पहिल्या प्रतीचा ग्रंथ आहे, आणि बेने इस्रायलांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाने त्याचा दुसरा भाग अवश्य पाहावा.